घायपातीला वळसा

शिवकांताबाई जाऊन चौदा महिने झाले होते, आणि देवणीच्या शेतावरची त्यांची घायपात सोमवारी निघणार होती.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी ती रस्त्याकडच्या बांधावर लावली होती. माणसाच्या कमरेएवढी पानं, टोकाला दाभणासारखा काटा. बाहेरचं जनावर आत येत नव्हतं. बाई तिची पानं कुजवून वाख काढायच्या आणि दोर वळायच्या. आता गोठा रिकामा होता आणि दोर नायलॉनचे होते. मुलाला, उमाशंकरला, त्या रानात मंगल कार्यालय बांधायचं होतं. गेट नेमकं घायपातीच्या जागी येत होतं.

"आप्पा, तिचा एक उपयोग सांगा," उमाशंकर म्हणाला. "एकच. मग मी हात लावणार न्हाई."

वीरण्णांनी, त्याच्या वडिलांनी, तीन दिवस विचार केला. चाळीस वर्षं त्यांनी लातूरच्या धान्य मोंढ्यात तुरीचा दाणा दाताखाली फोडून माल सांगितला होता. कुठल्या गावचा, किती ओला, किती दिवस पोत्यात. पण घायपातीचा उपयोग काही सांगता येईना. तुझ्या आईनं लावली, हे ते दोनदा बोलले होते. त्यावर उमाशंकर मान खाली घालून जेसीबीवाल्याला फोन करायला बाहेर गेला.

शेवटी त्यांनी नांदेडला बहिणीच्या मुलीला, अंजूला, फोन केला. अंजू पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात कामाला होती आणि लोकांना दारूची चव कशी घ्यायची ते शिकवायची. घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नसे. विचारलं तर 'हॉटेल लाईनला हाय' एवढंच सांगायचे. ती आठ दिवस सुटीवर आली होती.

"मामा, टकिला म्हणून दारू असते, ती घायपातीच्याच भावकीतल्या झाडाची," अंजू म्हणाली. "जगभर जाते."

"आमच्या घायपातीची होईल का?"

"टकिला नाही. तिला निळ्या जातीचंच झाड लागतं, तेही मेक्सिकोतल्या ठरलेल्या भागातलं. पण दुसऱ्या जातींचंही काढतात."

वीरण्णांना एवढं पुरे होतं. "रविवारी बाटल्या घेऊन ये. उमाला दाखव."

"मामा, तुम्ही पिणार?"

"पिणार कोण म्हणलं? नमुना बघणार."

रविवारी सकाळी अकरा वाजता शेतातल्या पत्र्याखाली टेबल मांडलं गेलं. अंजूनं चार बाटल्या, बारके ग्लास आणि मधोमध एक स्टीलची बादली ठेवली. बैलबाजारातले जुने दलाल ईश्वरप्पा साक्षीला आले होते. येताना लिंबं आणि मीठ घेऊन आले होते.

"ते कशाला, काका?"

"टीव्हीत असंच करतेत."

"चव कळू नये म्हणून करतात. ठेवा बाजूला."

ईश्वरप्पांनी लिंबं खिशात घातली. फुकट जाऊ नयेत म्हणून एक चोखायला घेतलं.

वीरण्णांनी शर्टाच्या आत गळ्यात असलेल्या इष्टलिंगाला हात लावला आणि मनात माफी मागितली. घराण्यात आजवर कुणी दारूला शिवलं नव्हतं. उमाशंकर हाताची घडी घालून बसला. "मी फक्त बघणार," तो म्हणाला.

अंजूनं पहिला ग्लास भरला. पाण्यासारखी. "ही कोरी. लाकडात ठेवलेली नाही. आधी वास घ्या, तोंड जरा उघडं ठेवून. मग जिभेवर फिरवा आणि या बादलीत थुंका."

"थुंका?" वीरण्णांनी ग्लास खाली ठेवला.

"चढू नये म्हणून. सगळे तसंच करतात."

"करत असतील. तोंडात घेतलेलं आम्ही टाकत न्हाई."

हा त्यांच्या घरातला जुना रिवाज. पानात काही सोडायचं नाही. जेवण झालं की ताटातच पाणी घालायचं, बोटानं ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. शिवकांताबाईंनी तर शेवटच्या आजारात, दोन घास जात असतानाही, ताट असंच धुऊन प्यायलं होतं.

वीरण्णांनी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी ग्लासात तांब्यातलं पाणी घातलं, बोट फिरवलं आणि तेही प्यायले. ईश्वरप्पांनी तसंच केलं. अंजूनं डोक्याला हात लावला. पण थोडं पाणी घातलं की वास मोकळा होतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं अडवलं नाही.

"सांगा मामा, काय लागलं?"

"नवा माल. ओल हाय. कापलेल्या पानाचा वास हाय." ते थांबले. "वाख काढून घरी आल्यावर हिच्या हाताला यायचा तसला."

उमाशंकरनं घडी सोडली. "बघू," तो म्हणाला.

त्यानं घोट घेतला आणि ग्लास धुऊन प्यायला. सवयच ती. वास जास्त नीट कळावा म्हणून आणखी एक घेतला, तोही धुतला.

दुसरी सहा महिने लाकडी पिंपात ठेवलेली होती. "गोदामातली," वीरण्णा म्हणाले, "पण गोदाम कोरडं होतं." तिसरी दोन वर्षांची. ईश्वरप्पा म्हणाले ही बैलासारखी दात बघून घ्यावी अशी हाय. अंजू हे सगळं वहीत लिहून घेत होती. चौथीचा वास आला आणि वीरण्णा उठून उभे राहिले.

"हुरडा!"

"बरोबर," अंजू आनंदानं म्हणाली. "हिला मेस्कल म्हणतात. गड्डा खड्ड्यात निखाऱ्यावर भाजतात, तुमच्या हुरड्याच्या आगटीसारखाच. त्याचा धूर उतरतो."

"ऐकलास का, उमा? उपयोग!" वीरण्णांनी टेबलावर हात आपटला. "गड्डा म्हणजे कुठला गं?"

"झाडाचाच. सगळी पानं तासून टाकायची, झाड बुडातून उपटायचं, मधला गड्डा तेवढा ठेवायचा."

वीरण्णांचा हात टेबलावरच राहिला.

"म्हणजे उपटायचंच," उमाशंकर म्हणाला.

"हो."

"मग माझा जेसीबी काय वाईट हाय?"

वीरण्णा खाली बसले. जी घायपात वाचवायला ते दारू प्यायले, तिचा हाच एक उपयोग निघाला होता. बांधावर एका झाडातून दोन पुरुष उंच दांडा वर गेला होता. अंजूनं तिकडे बोट केलं. "ते तर तसंही मरणार, मामा. एकदाच फुलतं आणि वाळतं. मामींनी लावलेली केव्हाच गेली असतील. ही त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं."

शेताचं सगळं बाईच बघायच्या. वीरण्णा मोंढ्यात असायचे. झाडं मरून नवी होत होती, हे त्यांना आज एकोणसत्तराव्या वर्षी कळत होतं.

"तिनं सांगितलं न्हाई मला," ते म्हणाले.

"तुम्ही इचारलं असतं का?" ईश्वरप्पा म्हणाले, आणि त्यांनी खिशातून दस्ती, मोठा हातरुमाल, काढली. "बापलेकानं भांडायचं न्हाई. सौदा करा. बाजाराच्या रीतीनं."

बैलबाजाराची रीत जुनी. दलाल दोघांच्या हातांवर दस्ती टाकतो आणि आत बोटं धरून भाव ठरतो. बाकीच्यांना काही कळत नाही. देवणीत ती पोरासोरांनाही माहीत.

"एक बोट म्हंजी एक झाड राहील," ईश्वरप्पा म्हणाले. "दोन बोटं, दोन. अख्खा पंजा म्हंजी अख्खी रांग."

दोघांनी हात पुढे केले. दस्ती पडली. वीरण्णांनी मुलाची चार बोटं धरली. उमाशंकरनं मान हलवून बापाचं एक बोट धरलं. वीरण्णांनी तीन धरली. उमाशंकरनं पुन्हा एक. त्याचं कपाळ घामानं भिजलं होतं. जन्मात पहिल्यांदा दारू घेतली होती आणि ती सात वेळा धुऊन प्यायली होती.

"उमा, दोन तरी," वीरण्णा म्हणाले.

"बोलायचं न्हाई!" ईश्वरप्पा ओरडले.

उमाशंकर एक झाड दाखवायला म्हणून उठला. उठल्यावर त्याला टेबल, बाप आणि बांध तिन्ही डाव्या बाजूला सरकताना दिसले. पडू नये म्हणून त्यानं दस्तीखाली बापाचा अख्खा पंजा घट्ट धरला.

"झाला!" ईश्वरप्पांनी दस्ती ओढली. "अख्खी रांग!"

"अहो काका, पडायलो म्हणून धरलो की!"

"दस्तीखाली धरलं ते धरलं. अंजू, तू गवाह."

"हाव," अंजू म्हणाली. पुण्यात ती असं बोलत नसे.

उमाशंकरनं बापाचा हात अजून सोडला नव्हता. मग खुर्चीवर बसत, चौथी बाटली हुंगत म्हणाला, "आईची भाकर ह्याच धुराची लागायची. चुलीवरची." आणि बादलीकडे बघून त्यानं ती पालथी घालून ठेवली. ती कोरडीच होती.

सोमवारी जेसीबीवाला आला. "कुठून घेऊ आत?" त्यानं विचारलं.

"मागून," उमाशंकर म्हणाला. डोकं त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं.

मंगल कार्यालय वर्षभरात उभं राहिलं. गेट मागं, ओढ्याकडं. रस्त्यावरून बघणाऱ्याला फक्त घायपात दिसते आणि तिच्यामागं वरातीचा बँड ऐकू येतो. म्हणून तिथल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत पत्त्याखाली एक ओळ छापावी लागते : घायपातीला वळसा घालून यावे.

वीरण्णा प्रत्येक पत्रिका मागून घेतात आणि शिवकांताबाईंच्या फोटोसमोर ती ओळ मोठ्यानं वाचतात.