तारेतली चूक

मुद्रितांच्या गठ्ठ्यावर चिठ्ठी होती : ‘बाई, शुद्धलेखन तेवढं पाहावं. मजकूर अंतिम आहे. शुक्रवारी छपाईला जातो.’ खाली वेधशाळेच्या संचालकांची सही आणि सहीशेजारी पेनानं काढलेला एक हसरा चेहरा.

मावशीनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि हसऱ्या चेहऱ्यावर पाण्याचा पेला ठेवला.

वेधशाळेला एकशेदहा वर्षं झाली होती, त्यानिमित्त तिचा इतिहास निघत होता. खरं तर तो शंभराव्या वर्षीच निघायचा, पण त्यासाठी समिती नेमली गेली. मावशीनं तिथे तीस वर्षं नोकरी केली होती. हे कळलं की लोक विचारायचे, ‘म्हणजे रात्र रात्र जागायचात?’ मावशीनं तिथे एकही रात्र काढली नव्हती. रात्री दुर्बिणीपाशी बसायचे ते पुरुष. ते आकाशाचं छायाचित्र काचेवर घ्यायचे आणि घरी जाऊन झोपायचे. सकाळी त्या काचा तळमजल्यावरच्या लांबट खोलीत यायच्या. तिथे अकरा बायका दहा ते पाच भिंगाला डोळा लावून काचेवरचे काळे ठिपके मोजायच्या. एक ठिपका म्हणजे एक तारा. तो कुठे आहे, केवढा आहे, मागच्या वेळेपेक्षा वाढला की घटला, सगळं वहीत उतरवायच्या. आकाशाकडे बघायचे त्यांना निरीक्षक म्हणत. आकाशात काय आहे ते सांगायच्या त्यांना मदतनीस म्हणत.

मी तिचा भाचा. शेजारच्या इमारतीत राहतो. तिचा चष्मा सापडेनासा झाला की मला बोलावणं येतं. त्या दिवशी चष्मा डोळ्यांवरच होता, तरी बोलावणं आलं.

‘बस,’ ती म्हणाली. ‘ऐक. आणि मध्ये हसू नकोस.’

पहिल्या प्रकरणात संस्थापक होते. त्यांनी एकोणीस वर्षं सूर्यावरचे डाग काढले. म्हणजे कागदावर काढले, सूर्यावरचे आहेत तिथेच आहेत. त्यात त्यांचा उजवा डोळा गेला. दुसऱ्या प्रकरणातल्या संचालकांनी एक धूमकेतू शोधला होता. तो चार दिवस आधी दुसऱ्याच कुणाला सापडला होता, म्हणून इतिहासात ‘स्वतंत्रपणे शोधला’ असं लिहिलं होतं. मी हसलो नाही.

तिसरं प्रकरण थोरल्या साहेबांचं. हे मावशीचे साहेब. मावशीनं पान एकेचाळीस काढलं आणि बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजात वाचलं : ‘थोरल्या साहेबांच्या तीक्ष्ण दृष्टीनं एका काचेवरील इवलासा ठिपका टिपला, आणि एकोणीस वर्षांतून एकदाच उजळणारा तो विलक्षण तारा जगाला ज्ञात झाला.’

‘तीक्ष्ण दृष्टी!’ मावशी म्हणाली. ‘चष्मा कपाळावर आहे, हे त्यांना आम्ही सांगायचो.’

मग तिनं मला जे सांगितलं ते घरात आजवर कधी निघालं नव्हतं. तो ठिपका तिला सापडला होता. नव्या काचेवर दिसला, जुनी एकोणीस वर्षांपूर्वीची काच काढली, तिच्यावरही त्याच जागी होता. मधल्या बावन्न काचांवर नव्हता. मोजमापं वहीत लिहून, दोन्ही काचा पदरात धरून ती वर साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी अर्धं मिनिट बघितलं आणि म्हणाले, ‘काचेवरचा डाग आहे. सोडा.’

‘दोन काचांवर, साहेब? एकाच जागी?’

‘बाई, डागाला काय, कुठेही पडतो.’

दुसऱ्या दिवसापासून मावशी आठ दिवस रजेवर गेली, बहिणीच्या बाळंतपणासाठी. ते बाळ म्हणजे मी. या प्रकरणात माझा हात आहे तो एवढाच.

त्या आठ दिवसांत साहेबांना तो डाग आवडू लागला. त्यांनी काच मागवून स्वतःच्या हातानं मोजली आणि जगभरच्या वेधशाळांना तारा धाडल्या : नवा तारा, अमुक जागी, शोधक अमुक. जगभरच्या वेधशाळांनी दुर्बिणी वळवल्या. तिथे काहीच नव्हतं. अंधार. दुसऱ्या रात्रीही अंधार. उत्तरादाखल आलेल्या तारा फार सभ्य होत्या, असं मावशी म्हणाली.

‘आणि हे बघ काय छापलंय.’ तिनं बोट ठेवलं. ‘“तारघरातील कारकुनाच्या हलगर्जीपणामुळे आकडे चुकले. सुधारित तार जाताच तारा सर्वत्र दिसला.” कारकुनाच्या! पंचेचाळीस वर्षं झाली, अजून त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर!’

लाल पेन्सिलीचं टोक कागदावर मोडलं.

‘मग चूक कुणाची होती?’ मी विचारलं.

‘ते उद्या तिथेच सांगते. दोनदा सांगायला माझ्याकडे श्वास नाही. आणि या पानावर माझं नाव आल्याशिवाय मी परत यायची नाही, डबा बरोबर घेतेय.’

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, आम्ही गेलो. संचालकांच्या खोलीत पाऊल रुतेल असा गालिचा होता आणि भिंतीवर थोरल्या साहेबांचं रंगवलेलं चित्र. चित्रकारानं चष्मा डोळ्यांवर दाखवला होता.

‘या बाई, या!’ संचालक उठून उभे राहिले. माणूस भला. मावशी निवृत्त व्हायच्या सुमारास ते नुकते लागले होते आणि तिला वचकून असत. ‘किती चुका निघाल्या?’

‘एक.’

‘एकशे नव्वद पानांत एकच?’

‘एकेचाळिसाव्याच्या पुढे मी गेलेच नाही. ती काच मागवा.’

‘बाई, ती आता प्रदर्शनाच्या कपाटात...’

‘कपाटाला किल्ली असेलच.’

काच आली. शिपायानं ती मखमलीवर ठेवून आणली होती. मावशीनं मखमल बाजूला सारली.

‘आता कागद घ्या,’ ती संचालकांना म्हणाली. ‘पहिल्या तारेत गेलेली जागा लिहा. शेजारी दुसऱ्या तारेतली लिहा. काचेच्या मध्यापासून दोन्ही किती लांब पडतात ते काढा.’

‘अहो, पण शुद्धलेखनाचं काम...’

‘शुद्धच करतेय.’

संचालकांनी गणित मांडलं. पोरसवदा वयात शिकलेलं गणित होतं, पाच मिनिटांत झालं. मग त्यांनी तेच गणित पुन्हा मांडलं. दुसऱ्या वेळी मान वर केली तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

‘सारखंच अंतर,’ ते म्हणाले. ‘फक्त एक पूर्वेला, एक पश्चिमेला.’

‘केसाचा फरक आहे?’

‘नाही.’

‘कारकून चुकला तर चाराचा सात होतो. एखादा आकडा गळतो. सगळं आकाश आरशात बघितल्यासारखं उलटं करणारा कारकून असता, तर त्याला आपण इथेच नोकरी दिली असती. काच उलटी ठेवली होती, साहेब. काचेच्या एका बाजूला छायाचित्राचा लेप असतो. ती बाजू वर हवी, ती खाली गेली. आणि ज्यानं ती तशी ठेवली, त्यानं जन्मात काच मोजली नव्हती.’

‘घाईत होतं असं कुणाकडूनही...’

‘आमच्यातल्या एकीकडूनही नाही.’

आणि मावशीनं तो ऐतिहासिक ठेवा उचलून त्याचा कोपरा खालच्या ओठाला टेकवला.

‘बाई!’ संचालक ओरडले. शिपायानं मखमल छातीशी धरली.

‘ओठाला चिकटते ती लेपाची बाजू,’ मावशी शांतपणे म्हणाली. ‘गार नि गुळगुळीत लागते ती काचेची. डोळ्याला फसवता येतं, ओठाला येत नाही. यंत्रावर काच चढवण्याआधी आम्ही अकराजणी हे करायचो. दिवसाला चाळीस काचा, चाळीस वेळा. थोरल्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलंच नाही. ते तर चहासुद्धा कपाला ओठ न लावता वरून प्यायचे. तेव्हा उलटी जागा त्यांची. सुलटी माझी. वही काढा, त्यांच्या पहिल्या तारेच्याही आधीची तारीख आहे आणि अक्षर माझं आहे. मी रजेवरून आले, मला खाली मान घालून म्हणाले, “बाई, जरा बघता का?” मी काच उलटली. दुसरी तार गेली.’

वही काढली गेली. तारीख होती, अक्षर होतं. संचालक खुर्चीत जरा खाली सरकले.

‘मग बाई, हे तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?’

इतका वेळ मावशी रागावली आहे असं मला वाटत होतं. तो राग नव्हता, ती तयारी होती.

‘बोलले!’ तिनं टेबलावर हात आपटला. शाईची बाटली नाही, पण संचालकांचा फोन उडाला. ‘वर जाऊन बोलले. साहेब म्हणाले, “बाई, वेधशाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे.” अब्रू वेधशाळेची, तोंड बंद माझं आणि शिव्या खाल्ल्या तारघरातल्या माणसानं! तो तारा त्यानंतर दोनदा उजळला. दोन्ही वेळा वर्तमानपत्रात थोरल्या साहेबांचा फोटो! मी तो फोटो कापून भाजीच्या देठांखाली घालत होते. का नाही बोललात, म्हणे! तुम्ही का नाही मोजलंत? कागद तुमच्याच कपाटात होते. गणित पाच मिनिटांचं होतं. पंचेचाळीस वर्षांत एका निरीक्षकाला पाच मिनिटं मिळाली नाहीत?’

संचालक पाणी प्यायले. मग ते जुळवून घेण्याच्या आवाजात म्हणाले, ‘आपण असं करू. शेवटी ऋणनिर्देश आहे. त्यात तुमचा खास उल्लेख...’

‘कुणाच्या नंतर?’

संचालकांनी यादी पाहिली. ‘विजेच्या कंत्राटदारांच्या,’ ते प्रामाणिकपणे म्हणाले.

मावशीनं डब्याची पिशवी टेबलावर ठेवली. संचालकांनी घाईघाईनं पान एकेचाळीस पुढे ओढलं, दोन ओळी खोडल्या आणि वर लिहून तिला दाखवलं. मी खांद्यावरून वाचलं : शोध मावशीच्या नावावर होता, पूर्ण नावानिशी, ‘थोरल्या साहेबांच्या मार्गदर्शनाखाली’.

‘मार्गदर्शन एवढंच होतं,’ मावशी म्हणाली, ‘“डाग आहे, सोडा.” ते छापणार असाल तर राहू द्या.’

‘बाई, सभागृहाला त्यांचं नाव आहे. ताऱ्याला त्यांचं नाव आहे. मलाही वरती उत्तरं द्यावी लागतात...’

‘कालपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. आज तुम्ही स्वतःच्या हातानं मोजलंत. आता काय सांगाल वरती? आकडा कारकुनानं दिला?’

संचालकांनी मार्गदर्शन खोडलं. मग, कुणी न सांगता, तारघरातला कारकूनही खोडला आणि त्या जागी लिहिलं : ‘काच उलटी ठेवली गेल्यामुळे.’ ‘कुणाकडून’ ते मावशीनं स्वतः भरलं.

मला वाटलं, झालं. मी डब्याची पिशवी उचलली. पण मावशी पुढची पानं उलटत होती. पान बावन्नवर फोटो होता : मध्ये खुर्चीत थोरले साहेब, मागे अकरा बायका रांगेत उभ्या. खाली ओळ : ‘थोरले साहेब, मदतनीस वर्गासह.’

‘हे काय?’ मावशी म्हणाली. ‘वर्ग? साहेबांचं नाव पानोपानी, आणि यांना नुसतं वर्ग? घ्या लिहून. डावीकडून.’

तिनं पहिलीचं नाव सांगितलं, दुसरीचं, तिसरीचं. संचालक मुकाट्यानं लिहीत होते. चौथीवर तिचं बोट थांबलं.

‘ही शून्य,’ ती म्हणाली. ‘हिची मोजणी कुणीही तपासली तरी चूक शून्य निघायची.’

‘नाव, बाई?’

मावशीनं फोटो जवळ धरला, लांब धरला, चष्मा काढला, घातला. हजारो ताऱ्यांचे आकडे जिच्या जिभेवर होते, तिला ते नाव येईना.

‘नंतर टाकू,’ संचालक हळुवारपणे म्हणाले. ‘चौथीपुढे “अज्ञात” लिहितो आत्तापुरतं...’

‘खबरदार!’ मावशी किंचाळली.

तिनं मोबाइल काढून टेबलावर ठेवला. तिचा फोन नेहमी सगळ्यांना ऐकू येईल असाच चालतो. एका जुन्या सोबतिणीकडून नंबर मिळाला. नाव तिलाही आठवत नव्हतं, फोनमध्ये तिनंही ‘शून्य’ असंच घातलेलं होतं. मावशीनं नंबर लावला.

‘शून्ये, अगं मी बोलतेय. पुस्तकात फोटो येतोय आपला. तुझं नाव सांग पूर्ण.’

पलीकडे आधी टीव्ही बंद झाला.

‘बावीस वर्षं,’ मग आवाज आला, म्हातारा पण धारदार. ‘बावीस वर्षं माझ्या उजव्या हाताला बसलीस. माझ्या डब्यातलं खाल्लंस. आणि नाव विचारायला आज फोन करतेस?’

‘अगं, तसं नाही...’

‘कसं आहे मग? थोरले साहेब मला “अहो, तुम्ही” म्हणायचे आणि तू “शून्य”. फरक काय झाला?’

मी तिला पंचेचाळीस वर्षं ओळखतो. ती कुणापुढे नमलेली मी पाहिली नव्हती. ती खुर्चीतून उठली, फोनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘चुकलं माझं.’

‘चुकलंच! लिहायला कोण बसलंय तिथे?’

‘संचालक आहेत.’

‘मग नीट लिहा म्हणावं. हजेरीपटावर बावीस वर्षं माझं नाव चुकीचं लिहीत होते मेले, आणि सही करताना मला रोज दिसायचं.’

शून्यबाई एकेक अक्षर सांगू लागल्या. संचालकांनी पहिलं लिहिलं. दुसऱ्याशी त्यांचं पेन थबकलं.

‘वेलांटी... पहिली का?’ त्यांनी फोनकडे वाकून विचारलं.

‘दुसरी!’ फोन ओरडला.

त्यांनी पहिली खोडली आणि दुसरी काढली.