माझ्या पोटात उडालेलं पळसाचं पान

मी एक जुना एअर फ्रायर आहे. अहेरीत गिरजाबाईंच्या स्वयंपाकघरात, माळ्यावर, फुटक्या सुपाशेजारी बसलो आहे. मित्रांनो, माझ्या मनात राग आहे आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

गिरजाबाईंची धाकटी सून नूतन हिने मला चंद्रपूरहून एसटीत मांडीवर घेऊन आणलं. माझी रचना सोपी आहे. डोक्यात पंखा, त्याखाली तापणारी तार आणि पोटात जाळीचं भांडं. गरम हवा गरगर फिरते आणि पदार्थ भाजून निघतो.

नूतनला हे लवकर समजलं. करंज्यांसाठी आंब्याचा रस ती आधी तव्यावर आटवायची, कारण पातळ सारणाची वाफ करंजी फोडते. त्यात चारोळी घालायची, करंजीला सुईने छिद्र पाडायची. कणकेचे पानगे भाजताना लावतात तसं पळसाचं पान खाली घालायची, पण करंज्या त्यावर मांडल्याशिवाय मला सुरू करत नसे. त्यांच्या वजनाने पान जागेवर राहायचं.

थोरली सून संघप्रिया हसायची. "हवेनं तळते का कोणी? फुगे फुगवून राह्यली का तू?"

पण करंज्यांचं नाव गल्लीभर झालं, तेव्हा तीच पाहुण्यांना सांगू लागली की करंज्या तिने केल्या. नूतन आत ऐकत राहायची. मग माझी जाळी खसाखसा घासायची. तेव्हाच मी ठरवलं, संघप्रियाला सोडायचं नाही.

बुद्धपौर्णिमेला विहारात गोड पदार्थ कोणी करायचा, हे ठरवायला मंडळाच्या बाया घरी आल्या. तो मान नूतनला हवा होता. सासूला तिने तसं बोलूनही दाखवलं होतं. पण बायांना करंज्या करून दाखवायला संघप्रियाच पदर खोचून पुढे झाली. मला आधी तापवून घेते म्हणाली, रिकाम्या जाळीवर नुसतं पान ठेवलं आणि बटण दाबलं. दाराशी उभ्या नूतनने ते पाहिलं. ती पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली.

मी पंखा जोरात फिरवला. पान उडालं, तापल्या तारेला चिकटलं आणि पेटलं. घरभर धूर झाला. गिरजाबाईंनी बटण बंद केलं, तोवर संघप्रियाने माझ्या झरोक्यांत तांब्याभर पाणी ओतलं होतं.

ती नूतनवर उलटली. "तुले मालूम होतं ना? मंग काऊन नाई सांगितलं?"

"मी काय सांगू, बाई?" नूतन म्हणाली. "करंज्या तर तुमीच करता ना."

बाया पदरात तोंड लपवून हसल्या. मान नूतनला मिळाला. मीही सुखावलो. पण त्यानंतर माझा पंखा कधी फिरलाच नाही.

नूतन मला दुरुस्तीला नेईल असं वाटलं होतं. तिने नवा फ्रायर आणला. मला पुसलंही नाही. जळक्या पानाची राख अजून माझ्या तारेवर आहे. सूड तिचा झाला, पोट माझं जळलं.

मित्रांनो, माणसांची भांडणं माणसांनीच भांडावीत, वस्तूंना पुढे करू नये. राबलेल्या वस्तूला निदान एकदा पुसावं.

नवा फ्रायर तिने भिंतीला अगदी टेकवून ठेवला आहे. मागच्या झरोक्यातून गरम हवा बाहेर पडायला जागाच नाही. त्याची पाठ रोज जास्त तापते, आता करपट वासही येतो. तुम्ही तुमच्या घरचा फ्रायर आजच वीतभर पुढे ओढा. नूतनला मात्र मी काही सांगणार नाही.