उजव्या हातावरची खळी

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, पण आता मला पाहून कुणालाही ते पटणार नाही. माझं सगळं दुःख तिथेच आहे.

ज्याने मला घडवलं, त्याने माझे दोन्ही हात बाहेरच्या अंगाला वळवून टोकाला गोल केले होते, बसणाऱ्याचे पंजे अलगद विसावावेत म्हणून. मी आले ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी. दिवसभर मशीन चालवून झालं की काज-बटणांचं काम घेऊन ती खिडकीपाशी माझ्यात बसायची. एखादं माप चुकलं, गिऱ्हाईक टाकून बोललं, लेकीला ताप आला, की तिचा उजवा अंगठा माझ्या हाताच्या टोकावर गोल गोल फिरू लागायचा. नेहमी त्याच जागी. काही वर्षांतच तिथे अंगठ्याएवढी खळी पडली आणि चाळीस वर्षं ती खोल होत गेली. लेक लहान असताना त्या खळीत आपला अंगठा घालून बघायची. तो बिचारा त्यात हरवून जायचा. आई हसून म्हणायची, "हा नीट बसला ना, की तू मोठी झालीस!"

मग आई गेली. पुढे घर बदलताना मी जिन्यावरून गडगडले आणि माझा डावा हात तुटला. तुटलेला तुकडा त्या गडबडीत कुठे गेला, कोण जाणे. लेकीने मला अडगळीत टाकलं नाही. जुन्या सामानाची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींकडे नेलं. मिस्त्री जिभेचे फटकळ, पण कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"आईची खुर्ची आहे हो," लेक म्हणाली. "ती बसायची तशी करून द्या."

"दोन्ही हात सारखे हवेत ना?"

"अगदी सारखे."

"मग पैज लावतो, जुना कुठला नि नवा कुठला, तुम्हालाच ओळखू येणार नाही!"

मिस्त्रींनी माझ्या उजव्या हाताची कड पुठ्ठ्यावर गिरवली आणि तो पुठ्ठा उलटा करून डाव्याचं माप घेतलं. एका फळीतून असा वळणदार हात कापला तर तो लवकर मोडतो. म्हणून लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून वाकवल्या, वाळल्यावर एकावर एक चिकटवल्या आणि आवळून ठेवल्या. आठवडाभर खपून त्यांनी मला हात परत दिला. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले होते.

मग त्यांनी दोन्ही हात निरखून पाहिले. उजव्यावर खळी होती, डाव्यावर नव्हती. शब्द तर सारख्या हातांचा दिला होता. त्यांनी कानस उचलली. मला ओरडायचं होतं, पण खुर्चीला कुठलं तोंड? चाळीस वर्षांची खळी अर्ध्या तासात भुसा होऊन खाली पडली. मिस्त्री खुशीत शीळ घालत होते.

लेक आली. "अय्या, काय सुंदर झालीय!" म्हणत माझ्यात बसली. तिने डोळे मिटले. अंगठा उजव्या टोकाकडे गेला, थांबला, पुढे सरकला, पुन्हा मागे आला.

"मिस्त्री, इथे एक खळी होती."

"झीज होती ती, ताई. काढून टाकली." एवढं बोलून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "पुन्हा कोरून देतो. आत्ता देतो."

"नको," ती म्हणाली. "ती तुमच्या हातची होईल." मग रडत म्हणाली, "तुमचं नाही हो चुकलं. मीच सांगितलं नाही. मला वाटलं, कुणालाही कळेल."

पाहुणे आता माझं तोंडभरून कौतुक करतात. मला ते नकोसं होतं. मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्तीला द्याल, तेव्हा काय मोडलंय ते सांगाच, पण कशाला हात लावायचा नाही, तेही सांगा. समोरचा कितीही चांगला असला तरी सांगा.

लेक रोज संध्याकाळी माझ्यात बसते. तिचा अंगठा आता अगदी आईच्या अंगठ्याएवढा झाला आहे. माझ्या गुळगुळीत हातावर तो फिरत राहतो, आणि मला त्याला जागा देता येत नाही.