करंगळीएवढा चंद्र

काकांनी तिसरी लेन्स कॅमेऱ्याला चढवली, ती बसल्याचं ‘टक्’ कान देऊन ऐकलं आणि दुकानाच्या पायरीवरचा ट्रायपॉड पाण्याच्या टाकीकडे वळवला. टाकीच्या वर सकाळचा चंद्र फिकट उभा होता. काकांनी उजवा डोळा लावला, लेन्सचं कडं पुढे-मागे फिरवलं आणि मान हलवली.

“हिच्यातूनही चंद्राची कड दुहेरी. बाद.”

“सहाशे मिलिमीटरचीसुद्धा?” बाईंनी विचारलं.

“तीस वर्षं हेच करतोय, बाई. वाईट माल तुमच्या गळ्यात नाही मारणार.”

बाई चौथीला शिकवत. परवा प्रार्थनेच्या रांगेत एका मुलीने वर बोट दाखवून विचारलं होतं, “बाई, तो घरी जायला विसरला का?” आणि सगळी रांग माना वर करून उभी राहिली होती. त्याचा चेहरा जवळून दाखवीन, असं बाई तेव्हा कबूल करून बसल्या. शाळेने एकाच लेन्सला होकार दिला होता आणि सकाळचा चंद्र आता चार-पाच दिवसच पुरणार होता. काकांना डावलून काही घेणं मात्र त्यांच्याने होणार नव्हतं. शाळेचा प्रत्येक कॅमेरा काकांनी डोळ्याखालून घातलेला होता.

बाईंनी स्वतः डोळा लावला. खरंच, चंद्र खडूने काढून हाताने पुसल्यासारखा दिसत होता. त्यांनी बटण दाबलं. लेन्स आपोआप घरघरली, फोटो निघाला. मागच्या छोट्या पडद्यावर गोटीएवढा चंद्र आला, कडेचे खड्डे मोजता येतील इतका स्वच्छ. तीनशेच्या लेन्सचा वाटाण्याएवढा आणि चारशेचा त्याहून थोडा मोठा, तेही असेच स्वच्छ आले होते. डोळा लावला की पुसट, फोटोत लख्ख. खरं काय मानायचं?

“फोटो तर छान आलाय, काका.”

“पडदा गोड बोलतो. भिंतीएवढा करून बघा, मग कळेल.”

“यांना हल्ली काही पसंतच पडत नाही,” काकू आतून म्हणाल्या. त्या काउंटरवरची खोकी पुसत होत्या. “गेल्या महिन्यात म्हणाले, या चार लेन्स कंपनीला परत पाठव. चारही बाद.”

“तू खोकी पूस.”

“पुसते. आणि त्यांच्यावरचे आकडेही वाचून दाखवते हल्ली.”

बाई पुन्हा वाकल्या. डोळा लावायच्या जागेशेजारचं छोटं चाक पार टोकाला गेलेलं होतं. चष्म्याच्या नंबरासाठी असतं ते. आल्या तेव्हा ते मधल्या खुणेवर होतं. बाईंनी ते मागे आणलं आणि चंद्र एकदम स्पष्ट झाला.

त्यांचा हात चाकावरच राहिला. एखाद्या मुलाच्या तिन्ही गणितांत एकच चूक निघाली, की बाई गणितं तपासत बसत नसत. त्याला जवळ बोलावून पाढा म्हणायला लावत.

“काका, आमच्या मुलांचा एक खेळ आहे. कराल?”

“या वयात?”

“कॅमेरा राहू दे. एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि करंगळीने चंद्र झाकायचा. मुलं पैज लावतात, पंजासुद्धा पुरणार नाही म्हणून.”

काकांनी हसत डावा डोळा मिटला. करंगळी टाकीच्या वर नेऊन धरली.

“झाकला?”

“एक झाकला,” काका म्हणाले.

आत काकूंचं फडकं थांबलं.

काकांचा हात तसाच वर होता. त्यांनी उजवा डोळा मिटून डावा उघडला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. बाई लेन्सच्या रिकाम्या खोक्याचं झाकण दाबून बसवत राहिल्या. ते केव्हाच बसलं होतं.

“मुलांना जमतं सगळ्यांना?” काकांनी विचारलं.

“एखाद्याला नाही जमत. त्याला मी पुढच्या बाकावर घेते. आणि घरी चिठ्ठी देते.”

काकांनी हात खाली घेतला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडात धरला आणि न लावताच खिशात ठेवला.

“तुम्ही बघा,” ते म्हणाले. “काय दिसतंय ते सांगा. मी ऐकतो.”

बाई सांगू लागल्या. खालच्या अंगाला एक मोठा खड्डा, त्यातून निघालेल्या पांढऱ्या रेघा, मधे करडे डाग, आणि एका बाजूची कड कुरतडल्यासारखी.

“कड एकच?”

“एकच.”

“मग हीच न्या,” काका म्हणाले आणि आत वळले. “ऐकलंस का? कंपनीला फोन कर. त्या चार लेन्स परत पाठवा म्हणावं.”

काकूंनी समोरच्या चार खोक्यांवरून फडकं फिरवलं.

“पाठवल्या होत्या कुणी?”