रत्नाच्या फोनसाठी दोन खोकी

योगेंद्रनं अमृतचा उजवा डोळा फोडला तो दोन खोक्यांच्या जोरावर.

अमृत म्हणजे त्याच्या बहिणीचा, रत्नाचा नवरा. रत्ना एरंडोलला सासरी ओट्यावरून पडून मेली, असं कागदावर लागलं. डोकं मागून फुटलेलं, आणि गालावर चार बोटं उमटलेली. ओट्याला बोटं असतात का, हे कुणी विचारलं नाही.

पडायच्या जरा आधी तिनं योगेंद्रला फोन केला होता. हा अमळनेरला एका लग्नात स्वतःच्या डीजेशेजारी उभा होता. "नंतर कर" म्हणून त्यानं फोन कापला. त्याच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. बेचाळीस सेकंद. त्यात डीजेची धडधड, तुटक रत्ना, आणि मागे कुणीतरी एक पुरुष.

तो पुरुष कोण, एवढंच त्याला पाहिजे होतं.

इअरफोनचा उपयोग नव्हता. दहा वर्षं डीजेसमोर उभं राहिलेल्या कानात नुसती शिट्टी वाजते. म्हणून धरणगावच्या आपल्या शेडमध्ये त्यानं टेबलावर ठेवायचे दोन स्पीकर बनवले, तोंडासमोर घेऊन ऐकायला. उरलेला प्लायवूड, जाड आवाजाला पाच इंची वूफर, बारीक आवाजाला छोटा ट्विटर, हातभर वायर. पण हात डीजेवाल्याचा. मागे हवेचं भोक पाडलं ते मूठ जाईल एवढं, आणि खोकी भिंतीला चिकटवून ठेवली. आवाज आला तो विहिरीतून आल्यासारखा, जाड, घुमणारा. अमृतचा आवाज असाच जाड होता.

झालं. योगेंद्र एरंडोलला गेला आणि भर बाजारात अमृतच्या तोंडावर पाना घातला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी डोळा गेला. लोक मोबाइल काढून उभे होते, सोडवायला एक नाही.

जामिनावर सुटून आला त्याच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, अमृतची आई भुरीबाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"मना पोरना डोया खादा तू," ती म्हणाली. "तो दिनभर जिनिंगमा व्हता. बठ्ठा गावले माहीत शे. घरमा तुना आबा वना व्हता, कागद लई सन. इचार त्याले."

"नीघ आठून."

"निंघस. पन इचार."

ती गेली. योगेंद्र तिथंच उकिडवा बसला. कागद कोणता, ते त्याला ठाऊक होतं. हक्कसोड. बायपासला लागून असलेल्या वावरातला बहिणीचा हिस्सा. त्यानंच बापाला म्हटलं होतं, काही कर, पण रत्नाची सही आण. पण आबा तर म्हणाला होता, मी गेलोच नाही.

बायको पुनम चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "तुमी ढोल बनाडेल शे," ती खोक्यांकडे बघत म्हणाली. "हाऊ नाचाना खोका शे, ऐकाना नही."

योगेंद्रनं चहाला हात लावला नाही. उठला, दोन्ही खोकी भिंतीपासून हातभर पुढे ओढली. मागच्या भोकांत जिनिंगमधली रुई अंगठ्यानं ठासून भरली. पुढून खाली लाकडाच्या पाचरी मारल्या, ट्विटर सरळ त्याच्या त्यातल्या त्यात चांगल्या कानाकडे बघेल अशा. ट्विटरचा आवाज त्यानं नेहमीसारखा दाबून ठेवला होता, तो मोकळा केला. मग रेकॉर्डिंग लावलं.

धडधड बारीक झाली. रत्ना समोर बसल्यासारखी बोलली.

"भाऊ, तू सांग. तुले वावर पाहिजे का? तू म्हनशी तर करसू मी सही."

मागून पुरुष, "त्याले काय इचारस? कर सही." चापट. "आबा, नका." आणि धप्प, सरकीचं पोतं ओट्यावर आपटावं तसं. त्यावर त्याचा स्वतःचा आवाज, वैतागलेला, "नंतर कर, लगन चालू शे."

पुनम दाराकडे वळून बघत होती.

आबा पाठीमागे उभा होता. कधी आला, कळलं नाही. "तुनासाठेच गयथू मी," तो म्हणाला. "एक चापट मारी. ती पडनी. मी काय करू?"

"मंग अमृतना डोया?"

"तो तू फोडा."

म्हातारा असला तरी अंगानं दांडगा. लाकडी मोगरी उचलून त्यानं एक खोकं फोडलं, रुई उडाली, आणि दुसऱ्या झपाट्यात हात फोनवर टाकला. योगेंद्रनं तो हात मनगटात धरला, पिरगाळून बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात घातला आणि दांडी फिरवली. हाड वाजलं. आबा गुडघ्यावर आला. योगेंद्रनं अजून एक फेरा दिला. त्याच हातानं आबानं लहानपणी त्याला पोहायला शिकवलं होतं. त्यानं अजून अर्धा दिला.

"पुसी टाक ते," आबा रडत, लाळ गाळत म्हणाला. "तुनाबी आवाज शे त्यामा. वावर जाई. तूबी जाशी."

"हं," योगेंद्र म्हणाला.

त्यानं एका हातानं फोन घेतला, अमृतचा नंबर काढला आणि बेचाळीसच्या बेचाळीस सेकंद पाठवून दिले. गेलं का, ते बघितलं. मग पोलिसांना फोन लावायला मोबाइल पुनमच्या हातात दिला.

"काय सांगू?" तिनं विचारलं.

"धराले दोन जन शेतस म्हन," तो म्हणाला, आणि शिकंजा सैल करायला लागला.