दाराकडचं टोक

मित्रांनो, माझ्यावर बसायला मिळावं म्हणून कुणी देवाला साकडं घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. माझ्यावरून लवकर उठायला मिळावं, हीच जो तो प्रार्थना करी. मी एक जुना, ओकच्या लाकडाचा बाक आहे. लिथुआनियातल्या एका लहानशा गावात, डेअरीच्या बास्केटबॉल संघाच्या हॉलमध्ये, मैदानाच्या कडेला माझी सारी हयात गेली. राखीव खेळाडूंचा बाक म्हणतात तो मीच.

काझिस नावाच्या सुताराने मला घडवलं. एरवी तो डेअरीत लोण्याची खोकी ठोकायचा. संघ नवा होता, सगळ्यांना हुरूप होता. दुपारच्या सुट्टीत रंधा मारून मारून त्याने तेरा माणसं मावतील एवढा लांब बाक केला, वरून हात फिरवला आणि म्हणाला, "यावर बसणाऱ्याच्या ढुंगणाला कुसळ बोचायचं नाही, लिहून घ्या माझ्याकडून!" तेवढं मात्र त्याचं खरं ठरलं.

माझं एक टोक पंचांच्या टेबलाकडे, भिंतीतल्या हीटरला लागून. दुसरं टोक अंगणात उघडणाऱ्या दाराशी. पहिल्याच वर्षी संघाने मोठा पराक्रम केला, तेव्हा डेअरीतल्या बायकांनी पहिल्या पाच खेळाडूंना एकेक हिरवा टॉवेल दिला. त्या पाचांनी तो हीटरच्या बाजूला, आपापल्या जागी अंथरला. झालं, तेव्हापासून रीतच पडली. पहिल्या पाचांचे टॉवेल ऊबेच्या बाजूला, आणि ते मैदानात असले तरी त्या जागा रिकाम्या. तिथे दुसऱ्या कुणी टेकायचं नाही. राखीव पाचांनी दाराकडे दाटीवाटीने बसायचं. टॉवेल कमवावा लागतो, असं लोक म्हणत. मलाही त्या रितीचा अभिमान वाटे, खोटं कशाला बोलू?

दरवर्षी उन्हाळ्यात मला वार्निश मिळे. संघाच्या फोटोत मी असे. पुढे वार्निश बंद झालं, फोटो मैदानाच्या मधोमध निघू लागले आणि माझ्या पोटाला च्युइंगमचे गोळे चिकटू लागले. मी मनावर घेतलं नाही. मला माझं काम आवडायचं. माणूस तोंडाने खोटं बोलतो, पण मांड्या खोटं बोलत नाहीत. कुणाचा पाय थरथरतोय, कोण नुसताच कंटाळलाय, कोण आतून धुमसतोय, हे सगळं मला बसल्या बसल्या कळे.

दाराकडच्या शेवटच्या जागेवर दहा वर्षं एकच माणूस बसला. त्याचं नाव कास्तितिस. अंगाने दणकट, स्वभावाने गरीब. सिगारेट ओढायला बाहेर जाणारा प्रत्येक जण त्याला सांगून जाई, "दार लाव रे, कास्तितिस!" गॅलरीतली टवाळ मंडळी त्याला द्वारपाल म्हणत. तो हसून दार लावी. पण कोचने त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी त्याच्या मांडीचे स्नायू ताठ होत. कोच दुसरीकडे बघे, आणि ते पुन्हा सैल पडत. दहा वर्षं मी हे सोसलं.

कोच होते ब्रोन्युस. तरुणपणी तेही हिरव्या टॉवेलवाले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "साखळीत दहा, बाद फेरीत पाच." म्हणजे साध्या सामन्यांत सगळ्यांना खेळवायचं, पण बाद फेरी लागली की पहिल्या पाचांवरच सारा भार. राखीव खेळाडू आत गेला की घोळ घालतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मीही पाहिलेलं होतं. कास्तितिस आत जाई, हातातून चेंडू सुटे, पहिला नेम चुके, आणि दोन मिनिटांत तो परत दाराशी. "याला सरावात सगळं जमतं, सामन्यात काय होतं कुणास ठाऊक," ब्रोन्युस पुटपुटत.

त्या वर्षी एप्रिलात आमचा संघ उपांत्य फेरीत पोचला. तीनपैकी दोन सामने जिंकणारा अंतिम फेरीत जाणार होता, आणि अंतिम फेरी आमच्या गावाने कधी पाहिली नव्हती. पहिला सामना आम्ही जिंकला. पाचही जण जवळजवळ चाळीस मिनिटं पळाले. दुसरा परगावी झाला. तिथे शेवटच्या दहा मिनिटांत पायांनी दगा दिला आणि आम्ही हरलो. तिसरा आमच्या हॉलमध्ये, दोनच दिवसांनी. कास्तितिसचा तो शेवटचा मोसम होता, त्याने तसं सांगूनच टाकलं होतं. हरलो असतो तर त्याचा शेवटचा सामना दार लावण्यातच गेला असता.

तिसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावानंतर आमचा मुख्य खेळाडू नेरियुस आपल्या टॉवेलवर बसला, तेव्हा त्याची पोटरी पाण्यातल्या माशासारखी आपोआप उडत होती. आल्दोना तिला मालीश करत होती. ही संघाची मालीशवाली बाई, ब्रोन्युसच्याच वर्गातली, त्यामुळे कोच वगैरे काही मानायची नाही.

"ब्रोन्युस, हा पाय आहे, चारा कापायचं यंत्र नाही," ती म्हणाली. "दमलाय पोरगा. दुसऱ्या कुणाला तरी उतरव."

"कुणाला? द्वारपालाला?"

"का? त्याला पाय नाहीत?"

"पाय आहेत गं, हात नाहीत. आत गेला की लोणी लावल्यासारखा चेंडू सुटतो त्याचा."

कास्तितिस चार हातांवर बूट सोडत बसला होता. त्याला ऐकू गेलं. त्याने नाडीला उगाच आणखी एक गाठ मारली.

सामन्याला हॉल खच्चून भरला. ढोलवाले, झेंडेवाले, लसूण लावून तळलेल्या काळ्या पावाच्या पुड्या घेऊन आलेल्या बाया. दार सारखं उघडमीट होत होतं आणि दर वेळी वितळत्या बर्फावरचा गार वारा आत घुसत होता. पहिल्या दहा मिनिटांतच आमचे पाच जण धापा टाकू लागले. ब्रोन्युसनी नाइलाजाने कास्तितिसला पाठवलं. त्याने एक पास गमावला, समोरची सोपी बास्केट चुकवली. गॅलरीतून कुणी तरी ओरडलं, "अरे, दार तिकडे आहे!" सगळे हसले. तो परत आला आणि दाराशी बसला. त्याच्या मांड्या मला दगडासारख्या लागल्या.

मग दुसऱ्या दहा मिनिटांच्या सुरुवातीलाच नेरियुसने रागाच्या भरात तिसरा फाऊल केला. ब्रोन्युसनी त्याला बाहेर बोलावलं आणि असं काही फैलावर घेतलं की ढोलवालेसुद्धा थांबले. नेरियुसचं डोकं फिरलं. तो आपल्या टॉवेलवरून सरळ पुढे गेला आणि दाराच्या टोकाला, कास्तितिसच्या शेजारी येऊन आदळला. आजवर असं कधी घडलं नव्हतं.

"सरक थोडं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आयला, इथे वारा केवढा येतो!"

"मार्चपेक्षा बरा आहे," कास्तितिस म्हणाला.

सात मिनिटं नेरियुस तिथे बसला. घामाने भिजलेला त्याचा बनियन पाठीला गार चिकटला. आधी त्याने हात काखेत घातले, मग मांडीखाली, म्हणजे माझ्यावर. मित्रांनो, त्या बोटांचा गारठा मला ओळखीचा होता. दहा वर्षं मी तो दुसऱ्याच्या बोटांत अनुभवला होता. ओरडून सांगावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठे असतं?

मध्यंतराला दोन मिनिटं उरली असताना ब्रोन्युसनी त्याला आत पाठवलं. नेरियुसच्या हाती पहिलाच पास आला आणि सुटला. दुसऱ्या वेळी तो एकटा, समोर कुणी नाही, आणि चेंडू कडीला लागून बाहेर. अशी बास्केट नेरियुस डोळे मिटूनही करायचा. ब्रोन्युसनी सामना थांबवायची खूण केली.

"तुला काय झालं?" ते ओरडले.

नेरियुसने आपले दोन्ही हात त्यांच्या गालांना लावले. ब्रोन्युस दचकून मागे सरले.

"सात मिनिटं बसलो तिकडे, कोच," तो म्हणाला. "बोटं वळत नाहीत. पाय उचलत नाहीत. हा दहा वर्षं बसलाय."

आल्दोना कमरेवर हात ठेवून उभी होती. "माणसाला दाराशी गारठवून ठेवायचं, मग एकदम मैदानात ढकलायचं, आणि वर म्हणायचं की याला जमत नाही. शाबास! आणि इथे हीटरपाशी कोण बसलंय? फडकी!"

ब्रोन्युस त्या पाच टॉवेलांकडे बघत राहिले. त्यातला एक तीस वर्षांपूर्वी त्यांचा होता. मग त्यांनी स्वतः वाकून पाचही टॉवेल ओढून काढले आणि आल्दोनाच्या हातात कोंबले. "सरका इकडे," ते राखीव पोरांना म्हणाले. "सगळे इकडे सरका. आणि आल्दोना, घड्याळ तू धर. कुणी सहा मिनिटांच्या वर सलग पळाला की माझी बखोटी धर."

मध्यंतराला आम्ही अकरा गुणांनी मागे होतो. त्यानंतर माझ्यावर जी ये-जा सुरू झाली, तशी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. उठणारा ऊबेतून उठत होता, बसणारा ऊबेत बसत होता. कास्तितिसकडे काम आलं ते सगळ्यात कष्टाचं. पाहुण्यांच्या एका सडपातळ, चपळ पोराने आमच्यावर वीस गुण चढवले होते. त्याच्या मागे सावलीसारखं पळायचं. कास्तितिस पळाला. त्याने फारशा बास्केट केल्या नाहीत, दोनच केल्या, पण त्या पोराला श्वास घेऊ दिला नाही. आल्दोनाने त्याची सहा मिनिटं संपल्याचं सांगितलं तेव्हा त्याने लांबूनच हात जोडले. "राहू दे त्याला," ब्रोन्युस म्हणाले, "त्याचं मागचं बरंच देणं लागतो आपण."

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा गुण बरोबरीत आले होते. ब्रोन्युसनी ताज्या पायांच्या नेरियुसला उठवलं आणि कास्तितिसला बोलावलं. नेरियुसने पुढच्या दोन मिनिटांत काय केलं ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. अंतिम फेरीत पुढे सपाटून हरलो, तेही सांगायला हवं.

आता हॉलमध्ये प्रत्येकाला वेगळी, गुबगुबीत खुर्ची आहे. मी बाहेरच्या वऱ्हांड्यात असतो. लहान मुली माझ्यावर बसून बूट बांधतात, च्युइंगम चिकटवतात. तक्रार नाही. एवढंच सांगतो, मित्रांनो, एखाद्याला जमत नाही असं म्हणण्याआधी, तो कुठे बसलाय हे एकदा तिथे जाऊन, बसून बघा.

त्या सामन्यातलं बाकीचं लोकांना आठवतं. मला आठवते ती दोन मिनिटं उरली असतानाची गोष्ट. कास्तितिस मैदानातून आला आणि माझ्यावर धपकन पडला. त्याच्या दोन्ही मांड्या थरथरत होत्या, घामाच्या धारा माझ्यावर ओघळत होत्या. दहा वर्षं तो माझ्यावर बसला होता. दमून बसला, तो त्या दिवशी पहिल्यांदा.