दार वाजल्यावर पुन्हा पहिल्यापासून

"आई, भोंगा म्हणजे कोण गं?"

मावशी ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. बाहेरच्या खोलीतून मुलीने अगदी सहज विचारलं, पण मावशीच्या हातातली सुरी जागच्या जागी थांबली. वीसेक वर्षांत हा शब्द कुणी तिच्या कानांवर घातला नव्हता.

"कुठे ऐकलास?"

"ऐकला नाही, वाचला. इथे लिहून आलंय."

हात न पुसताच मावशी बाहेर आली. मुलीने ऑफिसातला मोडीत काढलेला कॉम्प्युटर घरी आणला होता आणि जुन्या सीड्या एकेक करून त्यात घालत होती, फोनवर गाणी घ्यायला. कपाटात स्वेटरच्या घडीत ठेवलेली सीडी तिच्या हाती लागली होती. तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं, एक अक्षर नव्हतं. तरी ती आत सरकवताच पडद्यावर आपोआप नाव उमटलं होतं: भोंगा. खाली सात ओळी होत्या, सात गाण्यांच्या.

मावशीने पुढचं काही वाचलं नाही. तिने भिंतीवरचं बटणच बंद केलं. पडदा काळा झाला.

"अगं आई! असं करतात का? बिघडेल ना!"

"त्याला कळलं असेल का?"

"कुणाला?"

मावशी खाली बसली. कांद्याचा हात डोळ्यांना लागला होता, म्हणून मुलीला आधी वाटलं, पाणी त्याचंच आहे.

मावशी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. दुकानात मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. तिला नवरा होता का, असला तर कुठे गेला, हे विचारायचं धाडस कुणी केलं नव्हतं, आणि तिनेही तशी फट कधी ठेवली नव्हती.

नवरा होता. दुसऱ्या एका गावात त्याचा रेकॉर्डिंगचा धंदा होता. समारंभ, भाषणं, जाहिराती, जे मिळेल ते तो भरून द्यायचा. त्याचा कान फार तयार होता आणि हात लगेच उठायचा. मावशीचा आवाज मोठा, म्हणून तो तिला भोंगा म्हणायचा. लाडात आला की भोंगा, आणि चिडला तरी भोंगाच. कुठला भोंगा लाडाचा आणि कुठला रागाचा हे ओळखण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली. एकदा बऱ्या मनःस्थितीत असताना त्याने तिची सात गाणी घरातच रेकॉर्ड केली, तिच्या आईकडून ती शिकलेली. दोन सीड्या काढल्या. एक तिला दिली, एक स्वतःकडे ठेवली. पुढे एका दुपारी तो कामावर गेलेला असताना, चालायलाही न लागलेल्या पोरीला कडेवर घेऊन ती मागच्या दाराने निघाली. सीडी पोरीच्या झबल्यांत गुंडाळून आली.

म्हणजे जगात अशा दोनच सीड्या. एक इथे कॉम्प्युटरच्या पोटात, आणि दुसरी त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी मावशीने अर्धी रजा टाकली आणि मुलीला घेऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. दुकानाच्याच गल्लीत त्याचा गाळा होता. माणूस बोलघेवडा.

"मावशी, या यंत्राला कान नसतात," तो म्हणाला. "ते गाणं ऐकतच नाही. कुठलं गाणं किती लांबीचं, एवढंच मोजतं आणि तसलं माप नेटवरच्या एका मोठ्या साठ्यात शोधतं. जुळलं की तिथलं नाव उचलून तुमच्यासमोर ठेवतं. कधी भलतंच जुळतं. मागे एक मास्तर आले होते, त्यांच्या निरोप समारंभाच्या भाषणांची सीडी घेऊन. यंत्र म्हणतंय, ही परदेशी नाचाची गाणी! मुख्याध्यापकांच्या भाषणाचं नाव काय, तर 'कंबर हलव, राणी'. मास्तर घामाघूम. म्हणाले, हे घरी दिसलं असतं तर काय उत्तर दिलं असतं?"

मुलगी हसली. मावशीला पहिल्यांदाच जरा श्वास घेता आला. "म्हणजे हीसुद्धा चूक असेल?"

त्याने सीडी घातली, पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही. हे आपल्या भाषेत आहे आणि माप तंतोतंत आहे. कुणीतरी हिचीच जोडीची सीडी घालून हाताने नावं टाइप केलीत. साठा लोकच भरतात ना. ज्याला जे सुचेल ते लिहितो आणि पाठवून देतो."

"कधी लिहिलंय?"

"गेल्याच महिन्यात."

"आणि आम्ही इथे बघतोय, हे त्या माणसाला दिसतं?"

"छे! विचारणाऱ्याचं नावगाव कुणाला कळत नाही."

तो हे छातीवर हात ठेवून म्हणाला, पण मावशीच्या डोक्यात 'गेल्याच महिन्यात' एवढंच राहिलं. तो आहे. जिवंत आहे. आणि महिन्याभरापूर्वी त्याने ती सीडी हातात घेतली होती.

त्या दिवसापासून मावशीचं लक्ष उडालं. ती रोज वेगळ्या रस्त्याने घरी यायला लागली. दाराला कडी होती, तरी आतून खुर्ची लावायला लागली. दुकानात गिऱ्हाईक आलं की आतूनच विचारायची, कोण आहे, उंच आहे का. एका म्हाताऱ्याच्या जाड भिंगाची काच तिच्या हातात तडकली. मालक तिच्याकडे बघत राहिला. मुलगी आधी वैतागली, मग तीही घाबरली. आपली आई इतकी घाबरू शकते, हेच तिला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी तिने फोन पुढे धरला. पडद्याचा फोटो तिने काढून ठेवला होता. "आई, हे बाबांनी लिहिलेलं नाही."

"तू त्याला ओळखत नाहीस."

"नसेन. पण तू एकदा वाच तरी."

मावशीने चष्मा लावला. पहिल्यांदाच ती त्या सात ओळी नीट वाचत होती.

पाळण्याचं, हळू.
नदीचं असावं.
शब्द कळले नाहीत, पण छान.
इथे बाई हसते.
मोठ्या आवाजातलं.
दार वाजल्यावर पुन्हा पहिल्यापासून.
घाईत म्हटलेलं.

मावशीने यादी पुन्हा वरून खाली वाचली. त्याला ही सातही गाणी पाठ होती. रेकॉर्डिंगच्या वेळी एकेका शब्दासाठी त्याने तिला दहादा टोकलं होतं. तो 'नदीचं असावं' असं कशाला लिहील? हे लिहिणाऱ्याला गाणी ठाऊक नव्हती. त्याच्या सीडीवर त्याच्या अक्षरात भोंगा लिहिलेलं असणार, ते वरचं नाव झालं. बाकीचं ऐकून ऐकून लिहिलेलं.

आणि ते सहावं. तिला ती दुपार आठवली. मशीन चालू ठेवून तो बाहेर गेला होता. ती मोकळ्या गळ्याने गात होती, आणि मागचं दार वाजलं. लाकूड फुगलेलं, आधी खरखरायचं आणि मग धाडकन आपटायचं. तो आल्याचं कळताच ती मध्येच थांबली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली, कारण अर्धवट गाणं त्याला खपत नसे. सीडीवर ऐकणाऱ्याला तो नुसता खडखडाट वाटला असता. कुणी म्हणालं असतं, काहीतरी पडलं. ते दार आहे, आणि ते वाजल्यावर बाईला पुन्हा पहिल्यापासून गावं लागतं, हे ओळखायला त्याच घरात राहावं लागतं.

"त्या घरात दुसरी बाई आहे," मावशी म्हणाली.

इतके दिवस ती स्वतःसाठी घाबरत होती. ही भीती त्याहून वाईट होती. स्वतःसाठी घाबरलं तर निदान पळता तरी येतं.

संध्याकाळी गाळा उघडल्याबरोबर ती कॉम्प्युटरवाल्यापुढे उभी. "ही नावं बदलता येतात?"

"येतात की. कुणीही बदलू शकतं. समोरच्याने सीडी पुन्हा घातली की त्याला नवं दिसेल. कधी दिसतही नाही हं, यंत्र जुनंच धरून बसतं. त्याचा काही नेम नाही."

घरी आल्यावर मुलीने विचारलं, "आणि बाबांनीच वाचलं तर?"

"तर मी आहे हे त्याला कळेल."

"ते सोड. तिचं काय होईल?"

हाच प्रश्न होता. आपण एक ओळ लिहायची आणि मार दुसरीने खायचा. दुकानात काचा घासताना ती त्याच ओळीवर विचार करत राहिली. ज्याला गरज नाही त्याची नजर नुसती पुढे जावी, आणि जिला गरज आहे तिला मात्र पुरावी, अशी ओळ हवी. शेवटी एका संध्याकाळी तिने मुलीला शेजारी बसवलं.

"लिही. सहाव्यापुढे. मागचं दार वर उचलून ओढलं की वाजत नाही."

मुलीने आईकडे पाहिलं. "हे तुला कसं माहीत?"

"शिकायला बरेच महिने लागले," मावशी म्हणाली. "पाठव."

मग वाट पाहणं सुरू झालं. रोज सीडी घालायची, रोज तीच ओळ. तो ती ओळ हळू आवाजात वाचतोय, असं मावशीला सारखं दिसायचं. मारण्याआधी त्याचा आवाज नेहमी खाली यायचा. आणि समोर एक बाई उभी असायची. तिला चेहरा नव्हता.

एका सकाळी कामावर निघता निघता तिने सवयीने सीडी आत ढकलली. सहावी ओळ बदलली होती.

खरंच वाजत नाही.

मुलगी टाळ्या पिटायला लागली. मावशीने तिचे हात धरले. "थांब. हे त्यानेही लिहिलं असेल. असली थट्टा त्याला छान जमते."

"मग आता काय करायचं? आपला नंबर देऊ या."

"आपला नाही." मावशी खुर्चीत बसली. त्या दिवशी तिला दुकानात पोचायला उशीर झाला, आयुष्यात पहिल्यांदा. लेकराला घेऊन निघाली तेव्हा ती जिथे प्रथम राहिली होती, ते आसऱ्याला आलेल्या बायकांचं घर अजून चालू होतं. एक निवृत्त नर्स ते चालवायच्या, सगळ्या त्यांना मोठ्या ताई म्हणायच्या. मावशीने त्यांना फोन लावला.

"ताई, मी बहुतेक एक मोठी चूक करतेय."

सगळं ऐकून ताई म्हणाल्या, "कर. इथे फाटकावर माणूस आहे, आणि मीही अजून धडधाकट आहे. तो आला तर येऊ दे. मलाही त्याला एकदा बघायचंच आहे."

सातव्या गाण्याच्या नावाच्या जागी मुलीने ताईंच्या घराचा नंबर लिहिला. दोन दिवसांनी तो तिथून गायब झाला आणि 'घाईत म्हटलेलं' परत आलं. कुणी पुसला, तिने की त्याने, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. त्यानंतर ओळी हलल्याच नाहीत. मावशी खुर्ची दाराला लावायची आणि पडून राहायची. आठवड्यांवर आठवडे गेले.

एका दुपारी दुकानातला फोन वाजला आणि मालकाने तिला हाक मारली. पलीकडे मोठ्या ताई होत्या.

"आली का?" मावशीने नमस्कार वगैरे काही न करता विचारलं.

"अजून नाही. पण फोन आला होता. आवाज इतका बारीक, मला दोनदा विचारावं लागलं. काय विचारलं असेल तिने?"

"रस्ता?"

"शिवणयंत्र आणलं तर चालेल का म्हणे. जड आहे म्हणाली. मी म्हटलं, अगं, यंत्र राहू दे, तू ये. तर म्हणते, नाही, ते माझं आहे. आणि फोन ठेवला."

मावशी आत आली. काचा घासायच्या चाकापाशी एक अर्धवट काच पडली होती. तिने ती उचलली, परत ठेवली आणि स्टुलावर बसून राहिली. एवढं जड यंत्र एकटीला उचलवेल का? फुगलेलं दार एका हाताने वर धरायचं आणि दुसऱ्या हाताने ते बाहेर काढायचं. ठेवताना आवाज झाला तर? पुढे रस्त्यात कुणी हात देईल का?

मग ती उठली आणि मालकाला न विचारताच तिने फोन उचलला.

"ताई, मीच. फाटकावरच्या माणसाला सांगून ठेवा. ती आली की पुढे व्हायचं म्हणावं, तिच्याजवळ ओझं असेल."